काळी, पांढरी आणि पायाची भेग

१/२६
चांदणी चौक मागे टाकून पौड रस्त्याने पश्चिमेकडे निघाले, की बावधननंतर भूगाव लागते. भातखाचरे, माळ आणि डोंगरउतार यांच्यामधले मुळशी तालुक्यातील हे गाव आज पुण्याला जवळजवळ चिकटले आहे. शेताच्या चिकण काळ्या मातीवर जिथे जिथे अशी नवी घरे उभी राहतात, तिथे एक चमत्कारिक गोष्ट पाहायला मिळते. मे महिन्यात जोत्यावर उघडलेली तिरकी भेग श्रावणात आपोआप मिटते आणि पुढच्या मे महिन्यात त्याच जागी पुन्हा उघडते. ही भेग ऋतूंचे वेळापत्रक कशी काय पाळते?

२/२६
या प्रश्नाचे उत्तर सिमेंटच्या गोणीत सापडत नाही. ते शोधण्यासाठी दख्खनच्या ज्वालामुखींपासून गावगाड्यापर्यंत, तिथून कोयना धरणापर्यंत आणि इंग्लंडमधील एका पाणबुड्यापर्यंत जावे लागते. माणसाने घर कुठे बांधावे आणि कुठे बांधू नये, याचे जे ज्ञान महाराष्ट्राने शेकडो वर्षे सांभाळले आणि दोन पिढ्यांत विसरले, त्या ज्ञानाचा हा इतिहास आहे.

३/२६
सुरुवात सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची. पृथ्वीच्या पोटातून लाव्हारसाचे लोट एकामागून एक बाहेर आले आणि थरावर थर साचत गेले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर हा बेसाल्ट पसरलेला आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या म्हणजे हेच थर. हा खडक ऊन-पावसाने कुजू लागला, की आधी त्याचा मुरूम होतो आणि पुढे अतिशय बारीक कणांची माती होते. उतारावर मुरूम उघडा राहतो; पाण्याबरोबर वाहून आलेली बारीक माती सखल भागात साचते. तीच आपली काळी, कापसाची जमीन.

४/२६
या मातीत माँटमोरिलोनाइट गटातील खनिजे मोठ्या प्रमाणात असतात. फ्रान्समधील माँटमोरियाँ या गावावरून १८४७ मध्ये हे नाव पडले. या खनिजाची रचना पत्त्यांच्या कॅटसारखी असते. पातळ पापुद्र्यांवर पापुद्रे रचलेले आणि त्यांच्यामध्ये पाणी शिरायला वाट. पावसाळ्यात पाणी आत गेले, की पापुद्रे एकमेकांपासून दूर सरतात आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेले, की ती आक्रसते. उन्हाळी शेतात हात जाईल एवढ्या भेगा दिसतात, त्या याच आक्रसण्याच्या खुणा.

५/२६
शेतकऱ्यासाठी हे वरदान आहे. भेगांतून वरची माती खाली पडते, जमीन जणू स्वतःला नांगरते, आणि ओल दीर्घकाळ टिकते. घरासाठी मात्र हीच हालचाल घातक ठरते. येथे एक उलटे वाटणारे सत्य लक्षात घ्यावे लागते. काळ्या मातीवर जड इमारतीपेक्षा हलक्या घराला अनेकदा अधिक धोका असतो. उंच इमारतीचे वजन फुगणाऱ्या मातीला दाबून धरते. शिवाय अशा इमारतीचा पाया सहसा काळी ओलांडून खाली गेलेला असतो. एकमजली बंगल्याचे वजन तेवढे नसते, म्हणून माती त्याला उचलते आणि कोरडी झाली की खाली सोडते.

६/२६
आता गावाकडे वळू. जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचे दोन भाग सांगितले जातात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. ‘पांढरी’ हा शब्द पुढे गावातल्या लोकसमूहालाही लावला जाऊ लागला. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ हा ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या ग्रामव्यवस्थेचे तपशीलवार चित्र त्यात आहे, ती याच विभागणीवर उभी होती. पीक काळीत, घर पांढरीत, हा त्या जगाचा इतका सहज नियम होता, की तो वेगळा सांगण्याची गरज पडत नसे.

७/२६
पांढरी पांढरी का? एकाच जागी पिढ्यानपिढ्या माणसे राहिली, की चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती, शेण आणि चुना यांचे थर साचत जातात. त्या जागेचा रंग उजळतो आणि जमिनीची उंचीही वाढते. पुरातत्त्वज्ञांना महाराष्ट्रातील प्राचीन वसाहती अनेकदा अशाच ‘पांढरीच्या टेकाडां’खाली सापडल्या. पुणे जिल्ह्यातच घोड नदीकाठी, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची घरे त्यातून उजेडात आली.

८/२६
इनामगावची ती घरे हलकी होती. ठेंगण्या मातीच्या भिंती, लाकडी खांब, कुडाचे अंग आणि गवताचे छप्पर. जमीन थोडी हलली तर असे घर थोडे वाकते, फुटत नाही. बिघडले तर एका हंगामात पुन्हा उभे राहते. भेग ही तिथे संकट नव्हती, दर वर्षी शेणामातीने सारवून मिटवण्याची बाब होती. भेगेचे संकटात रूपांतर झाले ते घरे जड, ताठ आणि महाग झाल्यावर.

९/२६
येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. पूर्वजांनी मातीची प्रयोगशाळेत परीक्षा घेऊन पांढरी ठरवली, असे मानण्याचे कारण नाही. सुपीक जमीन घरांत वाया घालवू नये, पुरापासून वस्ती उंच असावी, पाणी जवळ असावे, सारे एकत्र राहून संरक्षण व्हावे, अशी अनेक कारणे त्यामागे होती. त्या पांढरीतही सर्वांना सारखी जागा नव्हती. कोण गावात आणि कोण गावाबाहेर, हे जातीवर ठरत असे. तरीही परिणाम एकच झाला. घराचा पाया फुगणाऱ्या मातीपासून बहुतेक वेळा दूर राहिला.

१०/२६
जिथे काळी टाळता येत नसे, तिथे उपाय एकच होता : खोदत जाणे. काळी संपून मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत चर खणायचा, त्यात दगड बसवायचे आणि जमिनीच्या वर घडीव दगडांचे जोते उचलायचे. ‘पाया कुठे लागला?’ हा गवंड्याचा प्रश्न म्हणजे कठीण थर किती खोलीवर मिळाला याची विचारणा. गडांवर हा प्रश्नच नव्हता, तिथे कातळ हाच पाया. सपाटीवरच्या वाड्याला मात्र तो कातळ जमिनीच्या पोटात शोधावा लागे.

११/२६
दगडांना बांधून ठेवणारा होता चुना. भाजलेली चुनखडी पाण्यात विरवायची, वाळूसह बैलांच्या घाणीत मळायची आणि ठिकठिकाणच्या रीतीप्रमाणे त्यात गूळ, हिरडा यांचे पाणी घालायचे. चुना हळू घट्ट होतो आणि सिमेंटच्या मानाने लवचिक राहतो. जमीन किंचित हलली, की तडा एकाच जागी जाण्याऐवजी अनेक सांध्यांत बारीक विभागला जातो. त्या बारीक भेगांत पाणी शिरले, तर विरघळलेला चुना पुन्हा साचून काही भेगा आपोआप भरतात. प्राचीन रोमच्या काँक्रीटमधील चुन्याचे खडेही असेच काम करतात, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दाखवले गेले.

१२/२६
या बांधणीची कसोटी पुण्यात पाहायला मिळते. १७३० मध्ये काम सुरू झालेला शनिवारवाडा फेब्रुवारी १८२८ मधील आगीत जळाला. लाकडी खांब, तुळया, वरचे मजले सारे गेले. राहिली ती तटबंदी आणि इमारतींची दगडी जोती. आज पर्यटक ज्या चौथऱ्यांवरून फिरतात, ते त्या राजवाड्याचे पाय आहेत. वरचे वैभव गेल्यावर पायाची गुणवत्ता उघडी पडली, असे हे उदाहरण.

१३/२६
मग आले सिमेंट. इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिन याने १८२४ मध्ये ‘पोर्टलँड सिमेंट’चे पेटंट घेतले. भारतात पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ मध्ये उत्पादन सुरू झाले, आणि १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन एसीसी स्थापन झाली. काँक्रीटच्या बांधकामासाठी भारतीय मानक आयएस ४५६ पहिल्यांदा १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही सिमेंट दीर्घकाळ परवान्याची वस्तू होती. सिमेंटच्या वाटपावरून उठलेल्या वादळात जानेवारी १९८२ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले, इतके त्याचे दुर्भिक्ष होते. १९८९ मध्ये नियंत्रण पूर्ण उठले आणि काँक्रीट खेडोपाडी पोहोचले.

१४/२६
काँक्रीटचा स्वभाव चुन्याहून वेगळा आहे. दाब सोसण्यात ते दगडासारखे. ताण सोसण्याची ताकद मात्र दाबाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढीच. म्हणून ताण येईल तिथे पोलादी सळई घालावी लागते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की सळई असलेल्या काँक्रीटलाही बारीक भेगा पडणे हे गृहीतच असते. आयएस ४५६ नुसार सर्वसाधारण परिस्थितीत पृष्ठभागावरील भेग ०.३ मिलिमीटरपेक्षा रुंद नसावी. म्हणजे प्रत्येक भेग अपयश नव्हे. घराला धोका आहे की नाही, हे भेगेची रुंदी, दिशा आणि हालचाल यांवरून ठरते.

१५/२६
आता पुण्याच्या विस्ताराकडे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले. नदीकाठच्या मातीच्या भिंतींचे वाडे कोसळले, हजारो कुटुंबे बेघर झाली. पूरग्रस्तांसाठी शहराबाहेर नव्या वसाहती उभ्या राहिल्या. जुन्या पेठांभोवतीचे पुणे त्यानंतर झपाट्याने पसरले. पुढच्या दशकांत कोथरूड भरले, मग बावधन, आणि एकविसाव्या शतकात भूगाव, भुकूम, पिरंगुटपर्यंत घरांची रांग लागली. शहर वाढले ते गावठाणांवर नव्हे, गावांच्या शेतांवर.

१६/२६
महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्या चौकटीत शेतजमीन परवानगीने बिगरशेती होऊ लागली. ‘एन. ए. प्लॉट’ हा शब्द प्रत्येक मध्यमवर्गीय घरात पोहोचला. काळी आणि पांढरी यांच्यामधली जुनी सीमा अशा प्रकारे एका शिक्क्याने ओलांडली गेली. कागदावर जमिनीचा वापर बदलला. मातीचा गुणधर्म बदलला नाही. जिथे शंभर वर्षे भात पिकला, तिथली माती पाणी धरून ठेवणारी होती म्हणूनच तो पिकला. त्याच मातीवर आता जोते चढले.

१७/२६
मुळशीसारख्या डोंगराळ तालुक्यात आणखी एक अडचण येते. उतारावरचा प्लॉट सपाट करण्यासाठी वरच्या बाजूचा मुरूम कापतात आणि तो खालच्या बाजूला पसरतात. घराचा अर्धा पाया मूळच्या कठीण जमिनीवर आणि अर्धा ताज्या भरावावर येतो. भराव पाणी मारून, थराथराने, रोलर फिरवून दाबला नसेल, तर दोन-तीन पावसाळ्यांत तो बसतो. कठीण बाजू जागची हलत नाही. खचण्याच्या या फरकाने घर मधोमध ताणले जाते आणि कापलेल्या व भरलेल्या जमिनीच्या सीमारेषेवर भेग उमटते. वीटकामात ती सांध्यांतून जिन्यासारखी चढत जाते.

१८/२६
विज्ञानाने या प्रश्नाला विसाव्या शतकात हात घातला. रुरकीच्या सेंट्रल बिल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अंडर-रीम्ड पाइल’ म्हणजे तळाशी फुगीर असलेल्या खांबांच्या पायाचा विकास केला. जमिनीत हाताने फिरवण्याच्या गिरमिटाने भोक पाडायचे, तळाशी ते खोडाच्या सुमारे अडीचपट रुंद करायचे आणि सळई घालून काँक्रीट भरायचे. खोल काळ्या मातीत किमान साडेतीन मीटर खोली घेतली, की ऋतुमानाने हलणारा वरचा थर ओलांडला जातो. फुगीर तळ घराला नांगरासारखा धरून ठेवतो. वरची तुळईही जमिनीला टेकवत नाहीत. माती फुगायला खाली मोकळी फट ठेवतात.

१९/२६
दुसरे महत्त्वाचे काम पवईच्या आयआयटीत झाले. प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर दीर्घकाळ प्रयोग केले. काळ्या मातीच्या थरात साधारण एक-दीड मीटरच्या खाली फुगणे जवळजवळ थांबते, या निरीक्षणातून त्यांना मार्ग सापडला. वर न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारे एक मीटरचा दाबलेला थर दिला, तर खालची काळी शांत राहते. असा थर देण्यास योग्य मुरूम चालतो. काळ्या मातीतील कालव्यांच्या अस्तरासाठीच्या भारतीय मानकात हे तंत्र समाविष्ट झाले. काळी काढून मुरूम भरणाऱ्या जुन्या गवंड्याच्या सवयीला अशा प्रकारे शास्त्राचा आधार मिळाला.

२०/२६
पण घर बांधून झाले असेल आणि भेग पडली असेल तर? आधी ती वाचावी लागते. गिलाव्यावरचे जाळीसारखे केसाएवढे तडे बहुधा काँक्रीट किंवा गिलावा लवकर सुकल्याचे असतात. पाणी मारण्यात केलेल्या आळसाची ती नोंद. सळईच्या रेषेत जाणारी, तांबूस डाग असलेली भेग म्हणजे आतले पोलाद गंजत आहे. वर रुंद आणि खाली निमुळती होत जाणारी भेग सांगते, की घराच्या कडा खचल्या किंवा मध्य उचलला गेला. खाली रुंद असेल तर मध्य खचला. उन्हाळ्यात घराच्या कडेची माती सुकते आणि खालची ओली राहते. म्हणून काळ्या मातीवर पहिला प्रकार अधिक दिसतो.

२१/२६
भेग जिवंत आहे की मेलेली, हे ओळखण्याची जुनी आणि स्वस्त रीत आहे. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना घट्ट चिकटवायची आणि शेजारी तारीख लिहायची. भेग हलली, की काच तडकते. दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख टाकली, तर तिची लांबी वाढते का हेही कळते. काळ्या मातीवर ही पाहणी निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा चालावी लागते. उन्हाळ्यात घाईने भरलेली भेग पावसाळ्यात मिटू पाहते. मध्ये भरलेला कडक मसाला तिला मिटू देत नाही आणि शेजारी नवा तडा जातो.

२२/२६
काँक्रीटच्या भेगेचा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा धडा मात्र घरातला नाही, धरणातला आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला सुमारे ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले. परंतु त्याच्या वरच्या भागात, जिथे मागील बाजूचा उतार एकाएकी बदलतो त्या पातळीवर, दोन्ही अंगांना आडव्या भेगा पडल्या. भिंतीमागे प्रचंड जलाशय होता. त्या भेगांवर खालच्या कृष्णाकाठचे प्राण अवलंबून होते.

२३/२६
अभियंत्यांनी तेव्हा काय केले, ते पाहण्यासारखे आहे. आधी भेगांत इपॉक्सी हे चिकट रसायन दाबाने भरले आणि ताणलेल्या पोलादी केबलनी भाग आवळले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. भेग त्याच पातळीवर का पडली, याचा शोध घेतला. धरणाचा आकार जिथे एकदम बदलत होता तिथे ताण साचला होता, आणि आराखड्यात धरलेल्या भूकंपबलापेक्षा प्रत्यक्ष धक्के कित्येक पटींनी मोठे होते. म्हणून पुढील काही वर्षांत मागील बाजूला काँक्रीटचे जाड टेकू उभारून तो दुर्बल भागच बळकट करण्यात आला. भेग भरणे हा पहिला उपचार होता. कारण दूर करणे ही खरी दुरुस्ती होती.

२४/२६
कारण जमिनीत असेल, तर जमिनीत उतरावे लागते. इंग्लंडमधील विंचेस्टर कॅथेड्रलच्या भिंती विसाव्या शतकाच्या आरंभी खचून तडकू लागल्या. खोदल्यावर आढळले, की त्या भागाचा पाया दलदलीतल्या ओंडक्यांवर होता. खड्डा खणला की पाण्याने भरे. तेव्हा विल्यम वॉकर नावाचा पाणबुड्या १९०६ ते १९११ या काळात रोज त्या गढूळ अंधारात उतरत राहिला. हाताने चाचपत त्याने भिंतींखाली काँक्रीटच्या हजारो पिशव्या रचल्या आणि मग वर पक्के बांधकाम झाले. उभ्या इमारतीखाली नवा पाया घालण्याच्या या पद्धतीला अंडरपिनिंग म्हणतात. घरासाठीही हेच करतात : एका वेळी थोडाच भाग उघडून, टप्प्याटप्प्याने, पाया कठीण थरापर्यंत नेला जातो.

२५/२६
बहुतेक घरांना सुदैवाने एवढे लागत नाही. दुरुस्तीचा क्रम पाण्यापासून सुरू होतो. पागोळ्यांचे आणि गच्चीचे पाणी पन्हळीने पायापासून दूर न्यावे, गळके नळ व ड्रेनेज बदलावे, शोषखड्डा पायालगत नसावा, घराभोवती बाहेरच्या उताराची फरसबंदी असावी, पाणी शोषणारी मोठी झाडे भिंतीला खेटून नसावीत. मातीतील ओल वर्षभर शक्य तितकी समान राहिली, की हालचाल मंदावते. भेग थांबल्याची खात्री झाली, की इपॉक्सी किंवा सिमेंटचे ग्राउटिंग. थोडी हलत राहणारी असेल तर लवचिक भरण. भेग रुंद होत असेल, दारे अडकू लागली असतील किंवा कॉलमला तडा असेल, तर निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरचाच.

२६/२६
नवे घर बांधणाऱ्याला याहून स्वस्त मार्ग उपलब्ध आहे. पायाचा आराखडा करण्यापूर्वी प्लॉटच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत खड्डे घेऊन काळी किती फुटांवर संपते आणि मुरूम कुठे लागतो, हे पाहणे. मातीच्या चाचणीचा खर्च पुढच्या अंडरपिनिंगपुढे किरकोळ असतो. आयुष्यभराची पुंजी ज्या जागेवर उभी राहायची, ती पूर्वी पांढरी होती की काळी, हे सातबारा सांगत नाही, खड्डा सांगतो. आणि तो घेतला नाही, तर पहिल्या उन्हाळ्यात जोते सांगते. श्रावणात ती भेग मिटली, म्हणजे घर सावरले असे समजू नये. माती फक्त ओली झालेली असते.

(समाप्त)